टिटवाळ्याला उतरलेला निरोप

काळुराम का धावतो याबद्दल आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसी रस्त्यावर जेवढी मतं होती, तेवढे त्या रस्त्यावर धावणारेही नव्हते. सकाळी धावणारे आम्ही मोजून सहा. त्यातले पाच डॉक्टरांच्या धाकानं धावायचे. धावायचे म्हणजे घरातून निघताना धावायचे. कोपऱ्यावर वळून बायकोच्या नजरेआड झालं की चालायचे, आणि परतताना कोपऱ्यापासून पुन्हा धाप लागल्यासारखं करायचे. या पाचांत मी. सहावा काळुराम. तो मात्र खराच धावायचा. कल्याणच्या पत्रीपुलापर्यंत जाऊन परत, रोजचे चौदा किलोमीटर. आम्ही पाच जण पाण्याच्या टाकीपाशी बसून ब्लडप्रेशरवर चर्चा करत असू, तेवढ्यात तो परत आलेला दिसे.

त्या रस्त्यावर डोळे मिटून धावलं तरी आपण कुठं पोचलो ते नाकाला कळतं. पहिल्या वळणावर सडकी अंडी, टाकीपाशी नेलपॉलिश. "आनि जिथं कायच वास येत नाय ना साहेब, तिथं जास्ती संबालून," असं काळुराम सांगायचा. त्याला ठाऊक असणारच. तो तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत कधी जांभळे, कधी हळदीच्या रंगाचे असत. एका अधिक महिन्यात तर ते पूर्ण निळे होते आणि आमच्या शेजारच्या आजींनी त्याला रस्त्यातच वाकून नमस्कार केला होता.

तो जातीचा आगरी, खाडीकडच्या गावातला. गावाची भातशेती गेली, तिथं चार मजली इमारती आल्या. वय चौतीस, अंगात मांस नावालाच. असा माणूस उगाच धावत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. माझी बायको नंदा म्हणायची, "त्याच्या घरी कुणीतरी गाणं शिकत असणार." पेपरवाल्याला वाटे, पोलीसभरतीची तयारी चाललीय. चौतिसाव्या वर्षी! मी एकदा थेट विचारलं, तर म्हणाला, "पाय हायत तं धावतो, साहेब." पाय मलाही आहेत, पण मला कधी तसं सुचलं नाही.

खरं कारण कळलं ते त्र्याण्णवच्या मे महिन्यात, त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. म्हणजे तेव्हा वाटलं की कळलं.

जेवणं झाल्यावर एक धिप्पाड बाई माझ्यासमोर बसली. काळुराम म्हणाला, "ही शालू. माझी चुलतबहीन. खडवलीकरं दिलेली."

"चुलत कनाला बोलतस रं दादूस?" ती कडाडली. "एका ताटात जेवलोय." मग माझ्याकडे वळून, "तुमी याच्यासंगं धावता ना? यो का धावतो, सांगितला काय यानं? नाय सांगनार. मी सांगते."

काळुराम उठला आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला. परत आला नाही. मला तो विनय वाटला.

शालूची गोष्ट अशी. काळुरामचे आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं शालूच्या आईनं, कमळाबाईनं. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी कमळाबाई गेली. त्या घराची रीत अशी, की लेकीच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय मयत उचलायचं नाही. शालू तर खडवलीच्या पुढे दीड तास चालल्यावर लागणाऱ्या पाड्यात दिलेली. तेव्हा फोन असायचा तो मोठ्या लोकांकडे, तोही बहुधा क्रोशाच्या रुमालाखाली. मग माणूस धाडायचा. बावीस वर्षांचा काळुराम सकाळच्या गाडीनं निरोप घेऊन निघाला. म्हाताऱ्यांनी ठरवलं, दुपारी दोनपर्यंत लेकीची वाट बघायची, पुढे ऊन थांबू देणार नाही.

"आनि गारी टिटवाल्याला रखरली!" शालू म्हणाली. "लोकं बसून राह्यली. पन माझा दादूस नाय बसला. उतारला आनि रुलाच्या कडनी धावत सुटला. टिटवाल्यापासून खडवली, खडवलीपासून आमचा पारा. दारात आला तवा याच्या पायाला रगत, तोंडातून शबूद नाय. तरी आमाला साडेतीन झालं पोचायला. चिता पेटलेली. आयसचा तोंड नाय दिसला मना. पन धूर तं दिसला. यो धावला नसता तं धूर पन नसता दिसला. तवापासून धावतो बगा."

मी डोळे पुसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी ही गोष्ट सांगितली.

माझा एक दोष आहे. मला गोष्ट आहे तशी सांगता येत नाही. पहिल्या दिवशी मी ऐकली तशीच सांगितली. पुढच्या आठवड्यात मी वाटेत एक नदी घातली. गणपतीपर्यंत त्या नदीला पूर आला होता, फेब्रुवारी महिन्यात. कुणी हरकत घेतली नाही. पेपरवाल्यानं तर पुढे सांगताना त्यात मगरही सोडली असं कानावर आलं. काळुराम धावत जाताना लोक थांबून बघायला लागले. तो मान खाली घालून जाई. मला वाटे, काय नम्र माणूस आहे!

चौऱ्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला आमच्या क्रीडा मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. मंडळाची दहा किलोमीटरची शर्यत तो लागोपाठ तीन वर्षं जिंकला होता. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वळणदार आहे आणि ऑफिसात एकाच्या निवृत्तीला मी चार ओळी जुळवल्या होत्या. चार रात्री जागलो. त्यात एक वाक्य असं उतरलं की मी स्वतःच खुर्चीतून उठलो: "हा धावपटू पायांनी धावत नाही, मायेने धावतो." नंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दूध उतू जातंय." पण वाक्य चांगलंच होतं.

समारंभाच्या आधीच्या शनिवारी मी काळुरामला रस्त्याकडेच्या एका मोरीवर बसवलं आणि मानपत्र वाचून दाखवलं. मायेच्या वाक्याला आवाज थोडा कापरा केला. वाचून झाल्यावर वर बघितलं, तर त्याच्या तोंडावर कारखान्यातला कुठलाच रंग नव्हता.

"हे खोडा, साहेब."

"कुठलं?"

"सगला टिटवाल्याचा. शालू येनार हाय. पाड्यातली धा मानसं घेऊन येनार हाय, टेम्पो ठरवलाय. त्यांच्यासमोर माईकवर हे नाय वाचायचा."

"अरे, पण का? खरंच तर आहे."

"गारी खरी लेट व्हती," तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. "पन माझी नाय. माझ्या मागची."

मग त्यानं सांगितलं. त्याची गाडी टिटवाळ्याला वेळेवर पोचली होती. तो दारात उभा होता. फलाटावर दौलत दिसला, कारखान्यातला जोडीदार, राहणारा टिटवाळ्याकडचा. त्या दिवशी तिथं कबड्डीचे सामने होते आणि दौलतच्या संघातला एक खेळाडू आदल्या रात्री पाय मुरगळून बसला होता. दौलत ओरडला, "काल्या, उतर! एक मानूस कमी हाय! चालीस मिंटांचा खेल, पुढची गारी सव्वा तासानं!"

आता कबड्डी म्हणजे आगऱ्यांच्या पोरांचा जीव. काळुरामचाही होता. पण आपल्या गावच्या संघात तो चार वर्षं राखीव होता. राखीव म्हणजे बाकीच्यांचे कपडे सांभाळणारा. मैदानात उतर असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. त्यानं मनात हिशोब घातला. दोनपर्यंत पुष्कळ वेळ आहे. गाडी हलायच्या आत तो उतरला.

"मयताचं दौलतला सांगितलं नाहीस?"

"सांगितला असता तं त्यानं खेलू दिला असता काय? ढकलून गारीत बसवला असता मना. निरोप तोंडात धरला आनि त्याच तोंडानं कबड्डी कबड्डी केला, साहेब."

असं वाक्य मला चार रात्री जागूनही सुचलं नव्हतं.

पुढची गाडी सव्वा तासानं येणार होती, ती पावणेतीन तास आलीच नाही. तेव्हा घाबरून तो रुळाच्या कडेनं पळत सुटला. दोन किलोमीटरवर त्याच्या बरगडीत असा पिळा बसला की तो एका मोरीवर आडवा झाला. रडला, उठला, लंगडत चालला. खडवलीला पोचला तेव्हा मागून ती रखडलेली गाडी शिट्टी देत आली आणि त्याच्या पुढं जाऊन थांबली. शालूच्या दारात त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "गारी रखरली." डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात या वाक्यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. मी स्वतः त्याच्या जोरावर सतरा वर्षं नोकरी केली. दौलतनंही तोंड उघडलं नाही, कारण बाहेरचा माणूस दुसऱ्याच्या नावावर खेळवला होता; कळलं असतं तर संघ बाद झाला असता.

"त्या दिवशी मना सलग धावता आला असता ना, तं शालूला आयसचा तोंड दिसला असता. म्हनून धावायला लागलो. तं ती सगल्यांना सांगत सुटली, माझा दादूस कसा धावला. मी जेवरा धावतो तेवरी ती जास्ती सांगते."

इथं मी जे केलं ते लिहिताना कान तापतात. मी त्याची समजूत काढली. म्हटलं, झालं ते झालं, बारा वर्षं झाली, त्या बाईला अभिमान आहे तो कशाला काढून घेतोस? सत्य बोलून कुणाचं भलं होणार? बराच वेळ, अगदी वडिलकीच्या सुरात बोललो. आणि सगळा वेळ माझा जीव त्या मायेच्या वाक्यात अडकला होता. टिटवाळा खोडला की ते वाक्यही जाणार होतं.

काळुरामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या मी पाड्यात जातो. तुमी चला."

"मी कशाला?"

"दर भाऊबीजेला सांगायचा ठरवून जातो, तिच्या हातचा जेवून परत येतो. तुमी असला म्हंजे पलता येनार नाय."

रविवारी आम्ही गेलो. खडवलीला उतरून चालायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीनं चालता आलं. पाय इतके जड झाले होते त्याचे.

शालू अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला सारलं. "अगं बया, दादूस! आनि फनसेसाहेब पन! टेम्पोवाल्याला सांगून ठेवलाय हां, बुधवारी येतो बोललाय." सासू, नवरा, सगळ्यांना हाका गेल्या. सासूबाई आवडाबाई ओटीवर येऊन बसल्या. शालू त्यांना म्हणाली, "आई, हेच ते सायेब. दादूसचा कागद लिवलाय यांनी. टिटवाल्याला गारी रखरली नं यो उतारला..."

"शालू," काळुराम म्हणाला, "गारी नव्हती रखरली."

"आं?"

"मी कबड्डी खेलाया उतारलो."

शालू हसली. तिला ती थट्टाच वाटली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सुपातल्या शेंगांकडे पाहिलं. त्यावरून तिला कळलं.

त्यानं मग सगळं सांगितलं, फार लांबवून. दौलतचा एक माणूस कमी होता ते, मागची गाडी खरंच लेट होती ते, बरगडीतला पिळा. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "खेललास का नुसता बगत व्हतास?"

"खेललो."

"जिकलास?"

"नाय. मी पयल्याच चढाईला बाद."

शालूच्या नवऱ्यानं चहाचं काहीतरी म्हटलं, ते हवेतच राहिलं.

"म्हंजे मना आयसचा तोंड दिसला असता," ती हळू म्हणाली.

काळुराम मान खाली घालून उभा. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, मलाही. तिनं पदरानं हात पुसले, एकेक बोट, आणि उभी राहिली.

"या पाड्यात एकतीस घरां हायत," ती म्हणाली. "एकतीस घरांत मी सांगितलाय. लग्नात सांगितलाय, बारशाला सांगितलाय. सासूनं मना माहेरावरून बोलला, तवा तिला यो सांगून गप केलाय. आथा मी कुनाच्या तोंडाकरं बगू? बारा वरसं सांगितलेला मी माघारी कसा घेऊ?"

तिनं सूप उचलून ओटीवर ठेवलं.

"मी नाय घेनार. तू घे. चल."

"कुठं?"

"घरोघर. मी दार वाजवते, तू सांग."

आणि ती खरंच निघाली. मागून काळुराम, त्याच्या मागून मी. मी अंगणातच थांबायचा बेत केला होता, पण शालूनं वळून विचारलं, "तुमी पन कुना कुनाला सांगितलाय काय?"

"चार-पाच जणांना," मी म्हटलं. नदी, पूर आणि मगर ही माणसं नव्हेत, असा मी मनाशी बचाव केला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं चालायला लागलो. डोंबिवलीला परतल्यावर टाकीपाशी मलाही हेच करावं लागणार होतं, आणि तिथं तर मला मगरीपासून माघार घ्यायची होती.

पहिल्या घरी काळुरामनं सात मिनिटं घेतली. गाडीचं वेळापत्रक, दौलतचा मुरगळलेला गडी, सगळं आलं. घरधनी ऐकून म्हणाला, "बरा. चहा घेशील?" दुसऱ्या घरी वेळापत्रक गळलं. तिसऱ्या घरी दौलत गळला. तिथल्या बाईनं तोंडावर हात धरला आणि शालूकडे पाहिलं. शालू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. चौथ्या घरी "मागची गारी मातर खरंच लेट व्हती" एवढं एकच उरलं होतं. ते म्हणता म्हणता तो थांबला आणि ते त्यानं परत घेतलं. पाचव्या घरापासून नुसतं एक वाक्य: "चुलतीच्या मयताचा निरोप घेऊन निघालेलो, आनि टिटवाल्याला कबड्डी खेलाया उतारलो." प्रत्येक घरी चहा. नाही म्हणायची सोय नव्हती; असल्या कामाला आलेला माणूस चहाला नाही म्हणत नाही. एका घरात एक म्हातारा "थू तुझ्या" एवढं बोलून आत निघून गेला. काळुराम त्याच्या दारासमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि मग पुढं निघाला. मी मागून त्याची चाल बघत होतो. पत्रीपुलापर्यंत उडत जाणारा हा माणूस शेजारच्या घराच्या पायरीवर चढताना धापा टाकत होता.

बाविसावं घर ठमाबाईचं. नव्वदीची म्हातारी, दारात उन्हाला बसलेली. काळुराम तिच्यापुढं उकिडवा बसला आणि आपलं वाक्य बोलला.

"काय?"

त्यानं पुन्हा सांगितलं.

"मोठ्यान बोल बाबा. कानाचा गेलाय माझा."

काळुरामनं शालूकडे पाहिलं. शालू जागची हलली नाही. मग त्यानं श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. सगळ्या आळीला ऐकू गेलं असणार. आधीच्या एकवीस घरांतली माणसं पुन्हा दारात आली, आणि पुढच्या नऊ घरांचं काम तिथंच झालं. शालूला मात्र ते मान्य नसावं. ती पुढच्या दाराकडे बघत होती.

ठमाबाईनं त्याचा पाय बोटानं दाबून पाहिला, बैलाचा बघावा तसा.

"ती मेली, तिचा तोंड पोरीला नाय दिसला," म्हातारी म्हणाली. "मंग आथा कनाला धावतस?"

हा प्रश्न मी त्याला तीन वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा तो पटकन बोलला होता. आता त्याला वेळ लागला. ओठ हलले, पण मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यान!"

काळुरामचे कान लाल झाले. मघाशी आपलं पाप आळीभर ओरडून सांगणारा माणूस आता पुटपुटला, "बरा वाटतं."

मी बाजूला होतो म्हणून मला ऐकू आलं. प्रायश्चित्त म्हणून सुरू केलेलं धावणं त्याला कधीतरी आवडायला लागलं होतं, आणि सगळ्यांत जास्त लाज त्याला त्याचीच होती. ते काही त्याच्या तोंडून मोठ्यानं निघेना.

"काय बोलतो यो?" ठमाबाईनं शालूला विचारलं.

शालू पुढं आली. भावाकडे तिनं बघितलं नाही. म्हातारीच्या कानाशी वाकून, घसा फोडून ती ओरडली, "त्याला धावायला बरा वाटतं, बोलतो!"

तिच्या आवाजात राग होता की काय होतं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. एवढं बोलून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तेविसाव्या घराची कडी वाजवली.